सीलबंद पंप

आमच्या ह्यांना बाजारात सगळे ‘गुंजभर’ म्हणायचे. तोंडावर साहेब, पाठ वळली की गुंजभर. वजन-मापं तपासणाऱ्या खात्यात हे चौतीस वर्षं निरीक्षक होते आणि गुंजभर कमी भरलेलं वजनही ह्यांनी कधी कुणाला सोडलं नाही. पारड्याखाली चिकटवलेलं नाणं, आतून पोखरलेलं किलोचं वजन, वाकवलेला काटा, सगळं ह्यांना लांबून दिसायचं. निदान ह्यांचं तसं म्हणणं होतं. दुकानदार हसून ‘या साहेब’ म्हणाला की ह्यांच्या मनात पाल चुकचुकायची. न हसता म्हणाला तरी चुकचुकायची.

ही सवय कचेरीत टांगून घरी यावं, तर तेही नाही. दूध आलं की मापात ओतून बघायचं. साबणाच्या वडीचं वेष्टन काढून वडी काट्यावर ठेवायची, कारण छापील वजनात वेष्टन धरलेलं असू शकतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी चेष्टेने विचारलं होतं, ‘मला घेताना नीट जोखून घेतलंत ना?’ हे गंभीरपणे म्हणाले, ‘तुझ्या वडिलांनी तुझं वय एक वर्ष कमी सांगितलं होतं.’ ते खरं होतं. तेव्हापासून मी चेष्टा बेताने करते.

मीही काही भोळीभाबडी नव्हे. छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली. म्हणजे दोघांचाही धंदा दुसऱ्याच्या चुका काढण्याचा. त्यामुळे आमच्या घरात भांडणं कमी आणि दुरुस्त्या जास्त. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, ती म्हणते, तुमच्याकडे चार दिवस राहिलं की स्वतःच्या सावलीकडेही बारकाईने बघावंसं वाटतं.

धान्याची कोठारं, पिठाच्या गिरण्या, सिमेंटची गोदामं, असल्या जागांत ह्यांची सगळी नोकरी झाली. तिथे खाल्लेली धूळ निवृत्तीनंतर उलटली आणि साठाव्या वर्षी दमा लागला. डॉक्टरीणबाईंनी तोंडात धरून ओढायचा एक छोटा पंप दिला. छाती आवळली की दोन फवारे घ्यायचे. पहिल्यांदा घेतले तेव्हा दहा मिनिटांत घशातली शिट्टी थांबली आणि ह्यांचे खांदे खाली आले. मला हायसं वाटलं. हे मात्र मनगटावर बोटं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

‘आधी बहात्तर होते. आता शहाण्णव,’ हे म्हणाले.

‘असू दे की. श्वास मोकळा झाला ना?’

‘श्वासाचं औषध श्वासाला लागावं. ते काळजाकडे कशाला गेलं?’

झालं. त्या दिवसापासून पंप आरोपी झाला. एका वहीत तारीख, वेळ, फवारे, आधीचे ठोके, नंतरचे ठोके. ह्यांच्याकडे लिलावात घेतलेला एक जुना पितळी तराजू होता, चिमूटभर मिठाचंही वजन सांगणारा. फवारे घेतल्यावर त्यावर बारीक वजन ठेवताना ह्यांची बोटं थरथरायला लागली. ज्या हाताने चौतीस वर्षं पारडं हलू न देता वजन ठेवलं, तो हात कापतोय हे ह्यांना फार लागलं. मग इतर पुरावे गोळा झाले. अवेळी भूक लागते. हिवाळ्यातही अंग गरम वाटतं. झोपेत पोटऱ्यांत गोळे येतात. दोन महिन्यांत वजन दीड किलो उतरलं आणि तपासलेली साखर थोडी वर निघाली. ‘कुठेतरी पाणी मुरतंय,’ हे म्हणाले आणि वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. मीही गेले, नाहीतर त्या बाईंची उलटतपासणी झाली असती.

बाईंनी वही शांतपणे चाळली. ‘काका, तुमच्या नोंदी बरोबर आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘हे औषध श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं. पण सगळंच छातीत राहत नाही. थोडं रक्तात उतरतं आणि हृदयापर्यंत जातं. मग ठोके वाढतात, हात थरथरतो. शरीराची भट्टीही काही वेळ जरा जोरात चालते, म्हणून भूक आणि ऊब. साखर थोडी चढते, रक्तातलं पोटॅशियम थोडं उतरतं, त्याने गोळे येतात. क्वचित दोन फवारे घेणाऱ्याला ह्यातलं फारसं जाणवत नाही. तुम्ही दिवसाला किती घेता?’

‘लागेल तसे,’ हे म्हणाले.

‘दहा-बारा,’ मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे फितूर साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. इतके लागतात म्हणजे दमा ताब्यात नाही, त्या म्हणाल्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा दुसरा एक पंप लिहून दिला. तो आतली सूज हळूहळू कमी करील, मग पहिल्याची गरजच कमी पडेल. ‘आणि एक लक्षात ठेवा. धडधडतं म्हणून ऐन दम लागलेला असताना पंप टाळू नका. श्वास अडला की हृदय तसंही धावतंच.’

हा दुसरा पंप ह्यांनी आठ दिवस घेतला आणि मला न सांगता बंद केला. घेतला तरी ठोके बहात्तर, न घेतला तरी बहात्तर. ज्याचं काहीच मोजता येत नाही त्याला औषध कसं म्हणायचं, असा ह्यांचा हिशेब. हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या पंपाच्या पाठीला एक बारीक खिडकी असते. तिच्यात किती फवारे उरले तो आकडा दिसतो. एके दिवशी तो शून्यावर आला. मी पंप केराच्या डब्यात टाकला आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवा आणला. संध्याकाळी बघते तो हे केरातून जुना काढून, पुसून, आतली धातूची डबी तराजूवर ठेवून बसलेले.

‘हलवून बघ. आत आहे,’ ह्यांनी डबी माझ्या कानाशी धरली. आत खरंच काहीतरी डुचमळत होतं.

‘अहो, शून्य दाखवतोय तो.’

‘आकडा कंपनी लावते. काटा मी लावतो.’

पुढचे आठ-दहा दिवस हे दर दहा फवाऱ्यांनी डबी तोलत राहिले. आकडा शून्याच्या वर असतानाही ह्यांनी ती तोलली होती; तेव्हा दहा फवाऱ्यांनी वजन जेवढं उतरायचं, तेवढंच शून्यानंतरही उतरत होतं. ह्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. चेहरा असा उजळला होता की मला जुने दिवस आठवले, मोठा व्यापारी पकडल्यावर हे असेच घरी यायचे. ‘मापात पाप. भरलेली डबी शून्य म्हणून लोकांना फेकायला लावतात.’ ह्यांच्या तराजूशी मी कधी वाद घातला नाही, कारण तो कधी चुकला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तेव्हाही तो चुकला नव्हता. डबीतून काहीतरी बाहेर जात होतं, आणि जेवढं जात होतं तेवढंच तो दाखवत होता.

त्यात आणखी एक गंमत झाली. गंमतच म्हणते, कारण तेव्हा आम्हाला ती चांगली बातमी वाटली. जुन्या डबीचे फवारे घेतल्यावर ह्यांचे ठोके वाढेनासे झाले. बहात्तर, चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर. हात थरथरेना. अवेळी लागणारी भूक गेली. ‘अंगवळणी पडलं औषध,’ हे म्हणाले. जिना चढताना हे मधल्या पायरीवर थांबायला लागले होते, ते मला दिसत होतं. विचारलं तर म्हणायचे, गुडघा.

मग तुलनेसाठी म्हणून ह्यांनी मी आणलेल्या नव्या पंपाचं खोकं फोडलं आणि दोन फवारे घेतले. चौऱ्याहत्तरचे एकदम शंभर. बोटं पुन्हा थरथरली.

ह्यांनी पंप टेबलावर ठेवला. ‘कुठून आणलास हा?’

‘कोपऱ्यावरून. नेहमीच्याच मेडिकलमधून.’

‘हं,’ हे म्हणाले, आणि त्या हुंकारातच खटला उभा राहिला.

त्या मेडिकलच्या जागी पूर्वी किराण्याचं दुकान होतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी ह्यांनी त्या दुकानाचा काटा जप्त केला होता. दंड झाला, गिऱ्हाईक तुटलं आणि दोनेक वर्षांत दुकान बंद पडलं. आता तिथे बसणारा मेडिकलवाला हा त्या किराणावाल्याचा मुलगा. ‘बापाचा काटा धरला, आता मुलगा सूड उगवतोय,’ हे म्हणाले. ‘औषधात काहीतरी जास्तीचं आहे. एकच नाव, एकच कंपनी, मग जुन्याने बहात्तर आणि नव्याने शंभर कसे?’

मी हसले. पण संशय खरजेसारखा असतो, शेजारी बसलं की लागतो. दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याने ‘काकू, काकांना बरं आहे ना?’ असं विचारलं, तेव्हा माझ्याही मनात आलं, ह्याला एवढी चौकशी कशाला? मी घरी येऊन खोक्यातला माहितीचा कागद काढला आणि पेन्सिल घेऊन ओळीओळीने वाचला. दोन ठिकाणी अनुस्वार गळले होते, एक ओळ दोनदा छापली होती. खरी कंपनी असा गचाळ कागद छापील का, असं मी ह्यांना म्हणाले. त्याच कागदावर स्वच्छ छापलं होतं की आकडा शून्यावर आल्यावर डबी हलवून आवाज आला, फवारा उडाला, तरी त्यात औषध असेलच असं नाही, ती वापरू नये. त्या ओळीवरून माझी पेन्सिल गेली. ओळीत चूक नव्हती, म्हणून मी पुढे गेले. सव्वीस वर्षं अक्षरं तपासली, मजकूर वाचायची सवयच उरली नव्हती. ह्याची लाज मला अजून वाटते.

ह्यांनी नवा पंप रीतसर जप्त केला. जाड पाकीट, आडवीउभी सुतळी, गाठीवर लाख, लाखेवर स्वतःच्या नावाचा पितळी शिक्का. वर तारीख, वेळ, वस्तूचं वर्णन, ह्यांची सही आणि साक्षीदार म्हणून माझी. पाकीट कपाटात गेलं. औषधं तपासणाऱ्या खात्याला तक्रार लिहायची ठरली आणि तिच्यासोबत जुन्या प्रकरणाची नक्कल जोडायची, म्हणजे सुडाचं कारण सिद्ध होईल. मी म्हटलं, ‘तोवर दुसऱ्या दुकानातून एक पंप आणते.’ ह्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. ‘जुना चांगला चाललाय. तो तू केरात टाकलास. नवा तूच आणलास. आता आणखी एक तुला कशाला आणायचाय?’

मला राग आला. इतका आला की मी दोन दिवस बोलले नाही आणि पंपही आणला नाही. आणायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ह्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. जुन्या प्रकरणांच्या नकला तिच्यात होत्या, वीस वर्षांत कुणी हात न लावलेल्या. हे एकेक गठ्ठा काढून गुडघ्यावर आपटून धूळ झाडत होते. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ती धूळ दाट दिसत होती. मी म्हटलं, तोंडाला फडकं बांधा. ह्यांनी बांधलं नाही. किराणावाल्याचं प्रकरण सापडलं तेव्हा हे कागद वर धरून काहीतरी म्हणणार होते, पण आवाज आला तो शिट्टीचा.

ह्यांनी जुना पंप घेतला. दोन फवारे. मग आणखी दोन. मग चार. काहीच फरक पडेना. हे पलंगाच्या कडेला, हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसले. गळ्याजवळचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. मी अॅम्ब्युलन्सला फोन लावला, पत्ता दोनदा सांगितला. वळून बघते तो ह्यांची बोटं मनगटावर आणि डोळे घड्याळाकडे. ‘एकशे… अठ्ठावीस,’ हे म्हणाले. एका श्वासात एवढाच शब्द येत होता. ‘ह्याच्यातही… भेसळ.’

तेव्हा मला डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं. श्वास अडला की हृदय तसंही धावतं. आणि त्याबरोबर बाकीचं सगळं एकदम समोर आलं. जुन्या डबीने ठोके वाढत नव्हते, हात कापत नव्हता, भूक लागत नव्हती. लागणार कशी? आत काही असेल तर ना. हे गेले दोन आठवडे नुसता वारा ओढत होते.

मी कपाट उघडून पाकीट काढलं आणि कात्री घेतली. ह्यांनी हात वर केला. ‘सील…’ हे म्हणाले. मग श्वास गोळा करून, ‘पंचांसमोर…’ मी सुतळी कापली. लाख तडकून फरशीवर पडली. ह्यांचं सील फोडणाऱ्याला शिक्षा व्हायची, चौतीस वर्षांत तसं दोघांनीच केलं होतं आणि दोघांची नावं ह्यांना पाठ होती. मी पंप हलवला आणि ह्यांच्या तोंडाशी धरला.

ह्यांनी ओठ मिटून घेतले.

ओठ निळसर पडायला लागले होते आणि तरी घट्ट मिटलेले. नजर माझ्यावर होती. ती नजर मला ओळखीची होती. किराणावाला हसून ‘या साहेब’ म्हणाला असेल, तेव्हा त्याने हीच बघितली असणार. मी म्हटलं, ‘अहो, घ्या. जुन्यात काही नाहीये. मी सांगते ना.’ ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

समजावायला वेळ नव्हता. समजावणीवर ह्यांचा विश्वासही नव्हता. मी पंप स्वतःच्या तोंडात धरला आणि दाबून आत ओढला. एक फवारा. पुन्हा हलवून दुसरा. कडवट, थंड चव घशात गेली. मग ह्यांची बोटं ह्यांच्या मनगटावरून सोडवून माझ्या मनगटावर ठेवली आणि मी तशीच ह्यांच्यासमोर उभी राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. मला तो फार लांब वाटला. मग ह्यांनी तोंड उघडलं.

चार फवारे दिले, एकेक करून. थोड्या वेळाने आणखी चार. जिन्यात पावलं वाजली तेव्हा ह्यांच्या तोंडून दोन शब्द सलग यायला लागले होते. अॅम्ब्युलन्समध्ये नाकातोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क लावला. ह्यांचे हात थरथरत होते, माझेही. माझं काळीज घशाशी येऊन धडधडत होतं, औषधाने की भीतीने, कोण जाणे. यंत्रावर ह्यांच्या ठोक्यांचा आकडा एकशे चौतीस होता आणि मला पहिल्यांदाच तो आकडा वाढलेला बघून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई दवाखान्यात येऊन ह्यांच्यावर चांगल्याच करवादल्या. आकडा संपला की औषधाचा भरवसा संपतो. उरतो तो ते बाहेर ढकलणारा वायू. तो डुचमळतो, फवारा मारतो, तराजूवर वजनही दाखवतो. ‘पंप घेतल्यावर धडधड सगळ्यांनाच होते असं नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण तुम्हाला होत होती आणि ती एकाएकी थांबली. तेव्हा खुश काय झालात? विचारायला यायचं होतं.’ मग रोजच्या पंपाचा विषय निघाला आणि तो बंद केल्याचं ह्यांनी कबूल केलं. मी तिथे ओरडले नाही. घरी येईपर्यंत थांबले.

मेडिकलवाल्याकडे मी एकटीच गेले. त्याला सगळं सांगितलं, तक्रारीचंही. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याला नवल वाटलं नाही. गल्ल्याखालून एक वही काढून त्याने माझ्यापुढे केली. आमच्या घरी गेलेल्या प्रत्येक औषधाचा खोक्यावरचा क्रमांक आणि तारीख तिच्यात लिहिलेली होती. ‘फक्त तुमचीच ठेवतो, काकू,’ तो म्हणाला. ‘साहेब कधीतरी येणार, हे माहीत होतं. बाबांचा काटा मारलेलाच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही काउंटरवर आलात की माझी पाठ ताठ व्हायची.’ मी त्याची माफी मागितली. त्याने मान डोलावली, पण वही काही बंद केली नाही, माझ्यासमोरच नव्या पंपाचा क्रमांक तिच्यात उतरवला.

आता हे सकाळ-संध्याकाळ रोजचा पंप घेतात. दम लागल्यावरचा आठवड्यातून एखादवेळी लागतो. वजन परत आलं. तक्रारीचा कागद ह्यांनी स्वतः फाडला. लोक म्हणतात, तुमच्यामुळे वाचले. मुलगी फोनवर रडली. सगळं खरं आहे, पण माझ्या मनात एकच गोष्ट सलत होती, आणि परवा चहा घेताना मी ती विचारून टाकली.

‘त्या दिवशी तुम्ही तोंड मिटून घेतलंत. मी तुमच्या जिवावर उठलेय, असं खरंच वाटलं तुम्हाला?’

ह्यांनी कप बशीत ठेवला. हे कधी घाईने उत्तर देत नाहीत.

‘हो,’ हे म्हणाले. ‘वाटलं. पाच-सहा सेकंद.’

अडतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला कधी खोटं सांगितलं नाही, ह्याचा मला अभिमान होता. त्या वेळी मात्र वाटलं, एकदा, फक्त आत्ता, सांगायला हवं होतं. ह्यांनी हात पुढे करून माझं मनगट धरलं, आणि घड्याळाकडे न बघता बराच वेळ धरून बसले. मी हात काढून घेतला नाही, पण ह्यांच्याकडे बघितलंही नाही.